ॲशलंडचें उघडें नाट्यगृह

शेक्सपिअरचा उत्सव म्हटला म्हणजे आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें ॲव्हन नदीच्या कांठचें स्ट्रॅटफर्ड उभें राहील. कवीचा जन्म तेथला आणि त्याचें थडगेंहि तेथेंच. तेव्हां हें साहजिक आहे. परंतु अमेरिकेच्या पश्चिम भागांत, ऑरेगन संस्थानाच्या दक्षिण टोंकास, सुमारें एकवीस हजार वस्तीचें ॲशलंड नांवाचें गांव आहे. त्या गांवाचा या कवीशीं जन्माचा, वास्तव्याचा किंवा दुसरा कसलाहि संबंध नाहीं. तरीहि १९३५ पासून, महायुद्धाचीं आणि २०२० नंतरच्या महामारीचीं वर्षें सोडल्यास, तेथें दर उन्हाळ्यांत त्याचीं नाटकें उघड्या आकाशाखालीं होत आलीं आहेत. येत्या हंगामांत कोणतीं नाटकें, कोणतीं पात्रें, ही चौकशी तेथें पूर्वींपासून दरवर्षीं होते. अलीकडे तिच्या जोडीला आणखी एक चौकशी आली आहे, ती धुराची. ती कां आली हें कळण्यास थोडें मागें जावें लागेल.

या उत्सवाचें मूळ नाटकांत नसून व्याख्यानांत आहे. न्यूयॉर्क संस्थानांत शोटॉक्वा सरोवराच्या कांठीं १८७४ सालीं लोकशिक्षणाची एक चळवळ सुरू झाली आणि तिच्याच नांवाच्या सभा पुढें गांवोगांव भरूं लागल्या. पुण्याची वसंत व्याख्यानमाला ज्यांस परिचित आहे त्यांस या सभांची कल्पना सहज येईल. तिकडे व्याख्यानांस वाद्यवृंदाची जोड असे, इतकेंच. ॲशलंडला १८८७ मध्यें ऑरेगन व कॅलिफोर्निया यांना जोडणारा लोहमार्ग येऊन मिळाला होता, त्यामुळें वक्ते आणि श्रोते दोघांचीहि सोय झाली. १८९३ मध्यें गांवकऱ्यांनीं सभागृह उभारलें. १९१७ मध्यें त्यावर भव्य घुमटाची नवी इमारत आली. पण तिचें आयुष्य अल्प ठरलें. चित्रपट, रेडिओ आणि मोटारगाडी यांच्यापुढें व्याख्यानें मागें पडलीं, आणि १९२६च्या सुमारास आगगाड्यांची मुख्य वाहतूक दुसऱ्या मार्गानें वळल्यामुळें गांवाचा धंदाहि खालावला. मोडकळीस आलेला घुमट १९३३ मध्यें उतरविण्यांत आला. उरल्या त्या सिमेंटच्या गोलाकार भिंती, आणि वर आकाश.

या भिंतींकडे पाहून अनेकांस हळहळ वाटली असेल. अँगस बोमर या तरुण शिक्षकास मात्र त्यांत एलिझाबेथकालीन नाट्यगृहाचा आकार दिसला. तो गांवांतील अध्यापनविद्यालयांत शिकवीत असे. त्यानें नगरपालिकेकडे चार जुलैच्या राष्ट्रीय उत्सवांत नाटकें करण्याची परवानगी मागितली. नगरपालिकेनें चारशें डॉलरपर्यंत रक्कम देऊं केली. मात्र नाटकांत तोटा येणार हें गृहीत धरून तो भरून काढण्यासाठीं दिवसा त्याच रंगमंचावर मुष्टियुद्धाचे सामने ठेवावे, अशी तिची अट होती. जत्रेंत कुस्त्यांचा फड आणि रात्रीं तमाशा पाहिलेल्या आमच्या वाचकांस यांत विचित्र कांहीं वाटणार नाहीं. बोमरलाहि वाटलें नाहीं. शेक्सपिअरच्या लंडनमध्यें नाट्यगृहांच्या शेजारींच अस्वलांच्या झुंजी चालत, हें त्यास ठाऊक होतें. २ जुलै १९३५ रोजीं 'ट्वेल्फ्थ नाइट'चा व दुसऱ्या दिवशीं 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चा खेळ झाला. तोटा आला तो मुष्टियुद्धास, आणि तो भरून निघाला नाटकांच्या उत्पन्नांतून!

हा प्रसंग गमतीचा खरा. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट हवेची आहे. त्या खोऱ्यांत जुलै-ऑगस्टमध्यें पाऊस जवळजवळ पडत नाहीं. दिवस कडक तापतो, आणि सूर्य मावळतांच हवा थंड होते. अशा ठिकाणीं छप्पर नसणें ही उणीव राहत नाहीं. आपल्याकडे शेक्सपिअर बहुधा विद्यालयाच्या बांकावर, टीपांच्या आधारानें भेटतो; तेथें तो चांदण्यांखालीं, घोंगडी पांघरून बसलेल्या कुटुंबांस भेटतो. दोहोंत कवीचा खरा शेजार कोणता, याविषयीं आम्हांस तरी संशय नाहीं.

पुढील उत्कर्षाची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९४७ मध्यें उत्सव पुन्हां सुरू झाला. १९५८ पर्यंत कवीचीं सर्व नाटकें तेथें होऊन गेलीं. १९५९ मध्यें लंडनच्या फॉर्च्यून नाट्यगृहाच्या धर्तीवर नवा रंगमंच झाला, आणि १९७० मध्यें बोमरच्या नांवाचें छपराचें नाट्यगृहहि उघडलें. उत्सवाच्या मिळकतीवर खाणावळी, अतिथिगृहें व दुकानें उभीं राहिलीं. आगगाडीनें टाकलेलें गांव नाटकावर जगूं लागलें.

आतां धुराकडे वळूं. ज्या कोरड्या हवेनें छपराची गरज संपविली, तीच हवा भोंवतालच्या डोंगरांतील अरण्यें पेटवीत आहे. उन्हाळे वाढत्या तापाचे झाले आहेत. शिवाय लहान वणवेहि तत्परतेनें विझविण्याच्या शतकभराच्या धोरणामुळें रानांत जळाऊ पाचोळा व झुडपें सांचत गेलीं. डोंगरांनीं वेढलेल्या त्या खोऱ्यांत धूर येऊन बसला म्हणजे दिवसचे दिवस हलत नाहीं. २०१८ मध्यें उघड्या रंगमंचावरील वीसांहून अधिक खेळ यामुळें रद्द करावे अथवा हलवावे लागले; आसरा मिळाला तो गांवच्या हायस्कूलच्या नाट्यगृहाचा. सप्टेंबर २०२० मध्यें, महामारीनें रंगमंच बंद असतांनाच, गांवाच्या उत्तर वेशीवर पेटलेल्या आगीनें शेजारच्या टॅलंट व फीनिक्स गांवांतील दोन हजारांहून अधिक घरें भस्म केलीं. एप्रिल २०२३ मध्यें संस्थेस हंगाम वांचविण्यासाठीं पंचवीस लक्ष डॉलरांची जाहीर याचना करावी लागली.

मग सर्वच खेळ आंत कां करूं नयेत, असें कोणी विचारील. बोमर नाट्यगृहांत सुमारें सहाशें प्रेक्षक बसतात, उघड्या नाट्यगृहांत सुमारें बाराशें. अर्ध्या प्रेक्षकांवर तेवढाच पसारा चालविणें सोपें नाहीं. आणि सर्व खेळ छपराखालींच पहावयाचे तर त्यासाठीं शेकडों मैल येण्याचें कारण काय, हा प्रश्न उरतोच. सध्यां तडजोड अशी कीं उघड्यावरील खेळ चालूच ठेवावे आणि हवेंतील कणांचें मोजमाप पाहून धुराच्या दिवशीं निर्णय घ्यावा. तिकिटें कित्येक महिने आधीं घेतलेलीं असतात. ऑगस्टमधील खेळ होणार कीं नाहीं, हें त्या त्या दिवशींच समजतें.