ब्राझीलमधील पगार आणि मातांचा हिशेब

‘पगार’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानी नसते. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हेही तिकडचेच. पोर्तुगीज गलबतांनी एका दिशेने वसई-गोव्याचा किनारा गाठला आणि दुसऱ्या दिशेने ब्राझीलचा. आपल्या अंगणातील काजूचे झाडसुद्धा मूळचे त्याच देशातले. म्हणूनच ब्राझीलच्या एका जुन्या कायद्यातील शिध्याची यादी वाचताना मराठी ख्रिस्ती माणसाला काही शब्द घरचेच वाटतात. हा कायदा 30 एप्रिल 1938 रोजीचा. प्रौढ कामगाराला महिनाभर जगण्यासाठी किती अन्न लागते, ते त्यात किलो आणि लिटरमध्ये लिहून ठेवलेले आहे. साओ पावलो आणि रिओ दि जानेरो या भागासाठी हे प्रमाण असे: मांस 6 किलो, दूध साडेसात लिटर, घेवड्याच्या वर्गातील कडधान्य साडेचार किलो, तांदूळ 3 किलो, पीठ दीड किलो, बटाटे 6 किलो, टोमॅटो 9 किलो, पाव 6 किलो, कॉफी 600 ग्रॅम, केळी 90, साखर 3 किलो, शिवाय तेल वा चरबी आणि लोणी.

दिवसाला तीन केळी! सरकारी राजपत्रात केळ्यांची मोजदाद व्हावी, याचे प्रथमदर्शनी हसू येते. पण या यादीमागील विचार गंभीर होता. 1930 साली सत्तेवर आलेल्या जेतुलियो व्हार्गास यांनी कामगारवर्गाला आपल्या बाजूला वळविण्याचे धोरण आखले होते. 1 मे 1940 रोजी त्यांनी देशातील पहिले किमान वेतन जाहीर केले. प्रदेशाप्रदेशाच्या राहणीमानानुसार त्याचे दर वेगवेगळे होते. तेव्हाची राजधानी रिओ येथे ते सर्वांत जास्त, म्हणजे 240 मिलरेइस होते. व्हार्गास हुकूमशहा होते आणि कामगार संघटनांना त्यांनी सरकारच्या दावणीला बांधले, हे विसरता येत नाही. तरीही पगार म्हणजे मालकाची मेहेरबानी नसून त्याला भाकरीचे माप असले पाहिजे, हे तत्त्व एका मोठ्या कॅथलिक देशाच्या कायद्यात उतरले.

एक उणीव मात्र त्यात होती. ही यादी एकट्या कामगारापुरती होती. त्याची पत्नी आणि मुले या मापात धरलेली नव्हती. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला होता आणि पोप पायस अकरावे यांनी 1931 मध्ये, वेतन कामगाराच्या कुटुंबाला पुरेल इतके असावे, असे स्पष्ट बजावले होते. ब्राझीलच्या राज्यघटनेत ‘कामगार आणि त्याचे कुटुंब’ हे शब्द 1946 साली आले. कागदावर कुटुंब आले, पगारात मात्र ते आले नाही. 1943 ते 1951 या आठ वर्षांत किमान वेतनात काडीचीही वाढ झाली नाही आणि महागाईने त्याचे निम्म्याहून अधिक मोल खाऊन टाकले.

निवडून येऊन पुन्हा सत्तेवर आलेल्या व्हार्गास यांनी डिसेंबर 1951 मध्ये हे गोठलेले वेतन वाढविले. पुढे त्यांचे तरुण मजूरमंत्री जुआंव गुलार्त यांनी ते दुप्पट करण्याचा आग्रह धरला, तेव्हा फेब्रुवारी 1954 मध्ये लष्करातील कर्नलांनी जाहीर निषेधपत्रक काढले. अकुशल मजुराचा पगार लष्करातील कनिष्ठ अधिकाऱ्याच्या पगाराजवळ जाऊन पोहोचेल, ही त्यांची एक तक्रार होती! गुलार्त यांना मंत्रिपद सोडावे लागले. तरी 1 मे रोजी व्हार्गास यांनी किमान वेतन 1200 वरून 2400 क्रुझेइरो केलेच. त्याच वर्षी 24 ऑगस्टला राजकीय कोंडीत सापडलेल्या या अध्यक्षांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. दहा वर्षांनी, 1964 च्या मार्चअखेरीस, राष्ट्राध्यक्ष असलेल्या गुलार्त यांना लष्कराने उलथून टाकले. पगाराचा प्रश्न त्या देशात कधीच केवळ अर्थशास्त्राचा नव्हता.

येथे आपल्या ख्रिस्तसभेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. 1964 च्या मार्चमध्ये साओ पावलोच्या रस्त्यांतून देव आणि कुटुंब यांच्या नावाने गुलार्तविरोधी प्रचंड मोर्चा निघाला, त्यात कॅथलिक भाविक मोठ्या संख्येने होते. लष्करी उठावानंतर बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने लष्कराचे आभार मानणारे निवेदन काढले. साम्यवादाच्या भीतीने मेंढपाळांनाही काही काळ कळपाची भूक दिसली नाही, असेच म्हणावे लागते.

लष्करी राजवटीने संप जवळजवळ अशक्य केले आणि पगारवाढीसाठी एक सूत्र ठरवून दिले. त्या सूत्रात पुढील काळात महागाई किती वाढेल, याचा सरकारी अंदाज धरला जाई. अंदाज कमी, महागाई जास्त. की पगार आपोआप घटला. कोणी कोणाच्या खिशात हात घालायला नको! 1968 ते 1973 या काळात ब्राझीलचे राष्ट्रीय उत्पन्न दरसाल सरासरी दहा टक्क्यांच्या वेगाने वाढत होते आणि जग या ‘चमत्काराचे’ कौतुक करीत होते. केक आधी फुगू द्या, मग वाटू, असे त्या अर्थनीतीचे वर्णन केले जाई. कामगार संघटनांनी 1955 मध्ये स्थापन केलेली ‘दिएझे’ नावाची संशोधन संस्था मात्र वेगळाच हिशेब मांडीत होती. 1938 च्या यादीतील शिधा विकत घेण्यासाठी किमान वेतनावरील कामगाराला किती तास राबावे लागते, ते ती मोजी. साओ पावलोत 1959 मध्ये त्यासाठी सुमारे 65 तास लागत. 1974 मध्ये 160 हून अधिक लागू लागले. तेव्हाचा कामाचा महिना 240 तासांचा होता. दोन तृतीयांश महिना एकट्याच्या पोटासाठी गेल्यावर भाडे, बसचे तिकीट आणि मुलांचे दूध कशातून येणार? त्याच वर्षांत साओ पावलो शहरातील बालमृत्यूंचे प्रमाणही वाढले होते.

हा फरक अर्थतज्ज्ञांच्या आधी ज्यांना कळला, त्या साओ पावलोच्या दक्षिण टोकाकडील वस्त्यांतील माता होत्या. कच्चे रस्ते, पाण्याची वानवा, रोज दोन-तीन तासांचा बसप्रवास, अशा त्या वस्त्या. तेथील धर्मग्रामांत आणि छोट्या ख्रिस्ती समूहांत ‘माता मंडळे’ चालत. शिवणकाम आणि भरतकाम शिकता शिकता तेथे बायबल वाचले जाई आणि वाचता वाचता बाजाराच्या गोष्टी निघत. 1973 पासून या स्त्रियांनी महागाईविषयी अधिकाऱ्यांना पत्रे लिहावयास सुरुवात केली. पुढे त्यांनी घरोघर प्रश्नावल्या नेल्या: घरात कमावते किती, पगार किती, तांदूळ-कडधान्यावर खर्च किती, मांस किती दिवसांनी येते. फारसे न शिकलेल्या या स्त्रियांनी सरकारी आकड्यांसमोर आपले आकडे ठेवले. यातूनच ‘जीवनखर्च चळवळ’ उभी राहिली. तिच्या मागण्या तीनच होत्या. जीवनावश्यक वस्तूंचे भाव गोठवा, महागाईहून अधिक पगारवाढ द्या, आणि सर्व कामगारांना तातडीचा भत्ता द्या.

या मातांच्या पाठीशी त्यांचे आर्चबिशप होते. फ्रान्सिस्कन संघाचे कार्डिनल पावलो इव्हारिस्तो आर्न्स यांनी आपला प्रासादतुल्य बिशपवाडा विकून त्या पैशांतून गोरगरिबांच्या वस्त्यांत समाजकेंद्रे उभारली होती. त्यांच्याच धर्मप्रांताच्या ‘न्याय व शांती’ आयोगाने शहराच्या वाढीचा आणि दारिद्र्याचा अभ्यास करवून 1976 मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ज्या संस्थेच्या संशोधकांनी तो लिहिला, तिच्या कचेरीत त्याच वर्षी बॉम्ब फुटला. त्या संशोधकांपैकी एक, फेर्नांदो हेन्रिक कार्दोसो, पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

1977 मध्ये मातांचा संशय खरा ठरला. जागतिक बँकेच्या एका अहवालातून असे उघड झाले की, 1973 ची महागाई सरकारने सांगितली त्याहून कितीतरी अधिक, सुमारे साडेबावीस टक्के होती. सरकारी निर्देशांकात दुकानातील खरे भाव न घेता सरकारने ठरवून दिलेले भाव घेतले गेले होते. त्या ठरीव भावाने मांस वा कडधान्य दुकानात मिळत नसे, ही गोष्ट कोणतीही गृहिणी सांगू शकली असती. त्या खोट्या आकड्यामुळे आपल्या पगारात 34.1 टक्क्यांची तूट आली, असा दावा करून धातुकामगारांनी ती भरून मागितली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लुला त्या वेळी साओ बर्नार्दो येथील धातुकामगारांच्या संघटनेचे नेते होते. मे 1978 मध्ये त्या भागातील कारखान्यांतून संपांची मालिका सुरू झाली.

त्याच वर्षी 27 ऑगस्टला जीवनखर्च चळवळीचा मेळावा साओ पावलोच्या कॅथेड्रलसमोरील चौकात ठरला. पोलिसांनी चौक वेढला, तेव्हा हजारो लोक कॅथेड्रलमध्येच जमले. सुमारे तेरा लाख सह्यांचे निवेदन तेथे सादर झाले. बाहेर पडणाऱ्यांवर अश्रुधूर सोडण्यात आला. निवेदन राजधानीत पोहोचले. पण राष्ट्राध्यक्ष गायझेल यांनी शिष्टमंडळाला भेट दिली नाही. सह्या बनावट आहेत, एवढेच सरकारने सांगितले. खोट्या आकड्यांवर पगार ठरविणाऱ्यांनी गरिबांच्या सह्यांच्या खरेपणाविषयी शंका घ्यावी, हा विनोद काळाच्या लक्षात राहण्यासारखा आहे.

या लढ्याने रक्तही मागितले. सांतो दियास हा शेतमजुरी सोडून शहरात आलेला धातुकामगार. आपल्या धर्मग्रामात तो पवित्र कम्युनियन वाटपाची सेवा करी, त्याची पत्नी माता मंडळात होती. 30 ऑक्टोबर 1979 रोजी एका कारखान्याच्या दारापुढे, संपाच्या वेळी, पोलिसाच्या गोळीने तो मरण पावला. त्याच्यासाठी झालेल्या मिस्साविधीस कॅथेड्रल आणि चौक माणसांनी ओसंडून गेला. 1980 च्या संपात सरकारने संघटनेचे कार्यालय ताब्यात घेतले, तेव्हा कामगारांच्या सभा साओ बर्नार्दोच्या चर्चमध्ये भरल्या. तेथील बिशप क्लावदियो हुमेस यांनी दारे उघडी ठेवली होती. 2013 मध्ये नव्या पोपची निवड होताना ‘गरिबांना विसरू नका’ असे शेजारच्या कार्डिनल बेर्गोलिओ यांच्या कानात सांगणारे ते हेच हुमेस. तेच शब्द ऐकून आपल्याला फ्रान्सिस हे नाव सुचले, असे पोप फ्रान्सिस यांनी स्वतः सांगितले आहे.

लष्करी राजवट 1985 मध्ये संपली, महागाई संपली नाही. 1986 ते 1994 या आठ-नऊ वर्षांत देशाने चलन पाच वेळा बदलले. 1993 मध्ये भाव वर्षभरात जवळजवळ पंचवीस पटींनी वाढले. पगाराच्या संध्याकाळीच महिन्याचे सामान भरावे लागे, कारण सकाळी तेच पैसे कमी पडत. श्रीमंतांचे पैसे बँकेत रोज व्याज कमावीत. मजुराची नोट खिशातच विरघळे. 1 जुलै 1994 रोजी ‘रेआल’ हे चलन आले आणि ही वावटळ थांबली. 2003 नंतरच्या दशकात किमान वेतन महागाईहून वेगाने वाढविण्यात आले. वृद्धांचे निवृत्तिवेतन किमान वेतनाशी घटनेनेच बांधलेले असल्यामुळे त्या वाढीचा लाभ खेड्यातील आजी-आजोबांपर्यंतही पोहोचला. आपल्या देशातील म्हाताऱ्या शेतमजुरांचा विचार करताना हे बंधन मला फार मोलाचे वाटते.

1988 च्या राज्यघटनेत किमान वेतनाने काय काय भागले पाहिजे, ते लिहिले आहे: घर, अन्न, शिक्षण, आरोग्य, विरंगुळा, कपडे, स्वच्छता, प्रवास आणि सामाजिक सुरक्षा, आणि तेही कुटुंबासह. हे सारे भागवायला प्रत्यक्षात किती पैसे लागतील, ते दिएझे ही संस्था दरमहा काढते. 2025 च्या आरंभी किमान वेतन 1518 रेआल होते. चौघांच्या कुटुंबासाठी या संस्थेने काढलेली रक्कम सात हजार रेआलहून अधिक होती. साओ पावलोत एकट्या माणसाचा शिधा साडेआठशे रेआलच्या आसपास होता, म्हणजे किमान वेतनावर सुमारे 123 तासांचे काम. यादी 1938 चीच होती, नव्वद केळ्यांसह.