अलीगढचा तराणा

आमच्या इंझोरीसारख्या गावात मुलगा गाऊ लागला की पालकांच्या कपाळाला आठी पडते: आता हा अभ्यास सोडणार! त्यांच्यासाठी ही हकीकत.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांचे गायनमंडळ १८५८ सालीच निघाले. आपल्याकडे सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला मदरसा काढला व त्यातूनच पुढे १९२० साली विद्यापीठ उभे राहिले. तेथून १९३५ मध्ये बी. ए. झालेले कवी मजाज यांनी पुढल्याच वर्षी ‘नज्र-ए-अलीगढ’ ही नज्म लिहिली. तिला आजची चाल मिळायला मात्र एकोणीस वर्षे जावी लागली. ती बांधली १९५५ साली, इश्तियाक मोहम्मद खान या विद्यार्थ्याने! होय, कोणा उस्तादाने नव्हे. मोठ्या नज्मेतील निवडक कडवी घेऊन विद्यापीठाचा तराणा तयार झाला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला मजाज लखनौत वारले; वय अवघे चव्वेचाळीस.

कवीचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे, चाल बांधणाऱ्या मुलाचे फार थोड्यांना. मला हे बरे वाटत नाही. दर १७ ऑक्टोबरला, सर सय्यद दिनी, विद्यार्थी एकत्र उभे राहून तराणा गातात, ते त्याच मुलाच्या चालीवर.