वेरूळचे शिलेदार व स्वराज्याची पागा

वेरूळचें नांव निघालें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम कैलास लेणें उभें राहतें, आणि तें साहजिकच आहे. दशावतार लेण्यांतील दंतिदुर्गाच्या शिलालेखांत राष्ट्रकूटांचा वंश व त्यांचे विजय कोरलेले आहेत. कैलासाच्या भिंतींवर रामायण-महाभारताच्या प्रसंगांत योद्ध्यांची दाटी आहे. परंतु त्या दगडी फौजेंतील एकाहि शिपायास, तुझें हत्यार कोणाचें व तुला दाणागोटा कोण देतो, असें विचारण्याची सोय नाहीं. प्रशस्तींत लढतो तो राजाच. शिपायाची हकीकत पाहिजे असेल, तर लेण्यांचा डोंगर उतरून खालीं गांवांत यावें. घृष्णेश्वराच्या क्षेत्रांत भोसल्यांच्या गढीचे अवशेष आहेत, आणि मराठ्यांच्या फौजेचा इतिहास लिहूं जाणाऱ्यानें रायगडापूर्वीं या गढीशीं थांबणें अवश्य आहे, असें आमचें मत आहे.

मराठ्यांची फौज राष्ट्रीय केव्हां झाली, या प्रश्नाचीं उत्तरें बहुधा सेनापतींच्या शौर्यावरून किंवा शिपायांच्या जातिधर्मावरून दिलीं जातात. तीं पुरीं पडत नाहींत. निजामशाहींत लढणारे मराठेच होते, आदिलशाहींतहि मराठेच होते, आणि मोगलांकडे गेलेलेहि मराठेच होते. शौर्यांतहि ते कोणास हार जाणारे नव्हते. आमच्या मतें याहून साधा प्रश्न विचारावा: शिपायाच्या मांडीखालचा घोडा कोणाचा? या एका प्रश्नानें पुष्कळ कोडीं उलगडतात.

घोडेस्वारांचे दोन प्रकार वाचकांस परिचित आहेतच. स्वतःचा घोडा व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येतो तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करितो तो बारगीर. दोनहि शब्द फारसी. शिलेदार म्हणजे हत्यार बाळगणारा. बारगीर म्हणजे मूळ अर्थानें ओझें वाहणारा. मोगल इतिहासकार दक्षिणच्या चपळ मराठे स्वारांस सरसकट ‘बर्गी’ म्हणूं लागले, आणि पुढें १७४१ पासून नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगाल्यांत झाल्या तेव्हां तेथील आयांनीं मुलांस निजवितांना याच शब्दाचें भय घातलें. शब्दांचे असे प्रवास पाहण्यासारखे असतात. परंतु आपण वेरुळाकडे वळूं.

बाबाजी भोसले हे पाटीलकीचे वतनदार. त्यांचे पुत्र मालोजी व विठोजी हे वेरुळीं राहून शिपाईगिरीकडे वळले. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांकडे ते प्रथम चाकरीस राहिले, पुढें श्रीदेवीनें दृष्टान्त देऊन वेरुळच्या शेतांत द्रव्य दाखविलें, तें चांभारगोंद्याच्या शेषाप्पा नाईक पुंडे या सावकाराकडे ठेवून घोडीं खरेदी केलीं व मालोजी फौजबंद झाले, अशी कथा बखरकार सांगतात. ग्रँट डफनेंहि १८२६ च्या आपल्या इतिहासांत ती घेतली आहे. आधुनिक लेखक या कथेस हंसून पुढें जातात. आम्हांस ती मोलाची वाटते, आणि ती दृष्टान्तामुळें नव्हे, तर सावकारामुळें. पाटलाचा शिलेदार होण्यास काय लागत असे, याचा हिशेबच या कथेंत आहे. घोडा हें भांडवल होतें. तें उभें करण्यास एक तर जमिनींतून द्रव्य निघावें लागे, नाहीं तर सावकाराच्या पेढींतून. तें एकदां उभें राहिलें म्हणजे तो पाटील एखाद्या दरबाराचा सरदार होई, आणि त्याच्या घोड्यांवर बसणारे लोक त्याचे होत, दरबाराचे नव्हत.

त्या काळीं वेरुळच्या आसपासचा मुलूख म्हणजे निजामशाहीचें हृदयच होतें. दौलताबादचा किल्ला हाकेच्या अंतरावर. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी वसविली, तीच पुढें औरंगाबाद झाली. या हबशी वजिरानें मराठ्यांच्या हलक्या घोडदळाचा उपयोग मोगलांवर ज्या कौशल्यानें केला, तें सर्वश्रुत आहे. १६२४ सालीं अहमदनगरजवळ भातवडीस त्यानें मोगल व आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा मोड केला, त्या लढाईंत वेरुळकर भोसल्यांचें घराणें जवळजवळ सगळेंच होतें. शहाजीराजांचे बंधु शरीफजी तेथें पडले. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत या लढाईचें वर्णन आहे. तंजावरास सांपडलेल्या प्रतीवरून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तें काव्य १९२७ सालीं छापून प्रसिद्ध केलें, त्या उपकाराचें स्मरण या निमित्तानें करणें उचित आहे.

परंतु त्याच शिवभारतांत दुसराहि एक प्रसंग आहे, आणि फौजेच्या इतिहासास तो भातवडीहून अधिक बोलका आहे. निजामशहाचा दरबार संपून सरदार बाहेर पडत असतां खंडागळे नांवाच्या सरदाराचा हत्ती बिथरला व लोकांस तुडवीत सुटला. लखुजींचे पुत्र दत्ताजी जाधव त्या हत्तीवर चालून गेले. विठोजींचे पुत्र हत्तीच्या बाजूनें उभे राहिले. हत्ती राहिला बाजूस आणि जाधव-भोसल्यांत तरवार चालली. दत्ताजी पडले. तें ऐकून लखुजी परतले व त्यांच्या हातून विठोजींचे पुत्र संभाजी मारले गेले. शहाजीराजे लखुजींचे जांवई. तेहि त्या झटापटींत घायाळ झाले. एकाच धन्याच्या दोन सरदारांनीं तिसऱ्याच्या हत्तीपायीं एकमेकांचे तरुण कापून काढले, आणि दरबार पाहत राहिला. पाहण्यावांचून तो दुसरें काय करणार? त्या तरवारी दरबाराच्या नव्हत्याच.

याचेंच दुसरें अंग १६२९ त दिसलें. लखुजी जाधवराव, त्यांचे दोन पुत्र व एक नातू यांचा निजामशहानें दौलताबादच्या किल्ल्यांत दग्यानें वध करविला. त्याबरोबर उरलेलें जाधवांचें कुळ आपल्या स्वारांसह मोगलांकडे गेलें. शहाजीराजेहि १६३० त मोगलांकडे गेले व दोन वर्षांच्या आंतच परतले. १६३३ त दौलताबाद महाबतखानाच्या हातीं पडल्यावर एका अल्पवयी शहाजाद्यास गादीवर बसवून त्यांनीं निजामशाही तीन वर्षें जगविली. आणि १६३६ त माहुलीस नाइलाज झाल्यावर ते विजापूरच्या चाकरींत शिरले. या येरझारांस कांहीं लेखक बेइमानी म्हणतात, कांहीं मुत्सद्देगिरी. आम्हांस दोनहि विशेषणें अस्थानीं वाटतात. ज्याच्या पदरीं घोडीं व माणसें आहेत, त्यास त्यांच्या पोटाची सोय जेथें होईल तेथें जावें लागे. राजे जात तिकडे स्वार जात. स्वारांस निजामशहा ठाऊक नव्हता, ठाऊक होता तो राजांचा भाता.

या पार्श्वभूमीवर शिवाजीमहाराजांची लष्करी व्यवस्था वाचावी. शहाजीराजांच्या पुत्रास वेरुळच्या पद्धतीचें बळ व तिची कमजोरी घरच्या घरीं कळलेली होती. कृष्णाजी अनंत सभासद यानें जिंजीस राजाराममहाराजांसाठीं लिहिलेल्या बखरींत ही व्यवस्था सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, आणि त्यावर पंचहजारी व सरनोबत. पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. जुमलेदारास सालीना ५०० होन, हजारीस १०००, पंचहजारीस २०००. पगार सरकारांतून; मोकासे लावून द्यावयाचे नाहींत, कारण मोकासा मिळाला कीं शिपाई जमिनदार होतो व रयत नागवली जाते. दसऱ्यास फौज बाहेर पडतांना प्रत्येकाजवळील चीजवस्तूची याद करावयाची. आठ महिने मुलूखगिरी करून छावणीस परत येतांना पुन्हां झाडा घ्यावयाचा आणि जास्त निघेल तें सरकारजमा करावयाचें. बायका, बटकी, कलावंतीण लष्करांत नेऊं नये. नेईल त्याची गर्दन मारावी.

यांतील शिस्तीचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. आम्ही वाचकांचें लक्ष पखालजी व नालबंद यांकडे वेधूं इच्छितों. शिलेदाराच्या घोड्यास पाणी कोण पाजतो व नाल कोण ठोकतो, ही सरकारची चिंता नव्हे. पंचवीस घोड्यांमागें सरकारनें नालबंद नेमिला, याचा अर्थ तीं पंचवीस घोडीं सरकारचीं. रणांत घोडा पडला तर शिलेदार भिकेस लागे, म्हणून तो घोडा राखून लढे. बारगिराचा घोडा पडला तर त्यास पागेंतून दुसरा मिळे. तो लढतांना हात आंखडण्याचें कारण उरलें नाहीं, आणि धनी बदलून जाण्यासहि त्याच्याजवळ कांहीं उरलें नाहीं. कारण घोडा पागेचा होता. सभासदहि स्पष्ट सांगतो कीं पागा जबरदस्त करून शिलेदारांस पागेच्या अधीन ठेविलें, म्हणजे कोणास पुंडाई करण्यास जागा राहिली नाहीं.

सभासदानें नियम सांगितले. नियम प्रत्यक्षांत कसा चाले तें राज्याभिषेकाच्या सुमाराच्या एका पत्रावरून दिसतें. चिपळुणाजवळ हलवर्ण येथें छावणीस राहिलेल्या फौजेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस तें लिहिलेलें आहे. आशय असा कीं, पावसाळ्यापुरता दाणा व वैरण तुम्हांस दिली आहे; ती बेहिशेब उडवाल तर ऐन पावसांत कांहीं राहणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुम्ही गांवांत शिरून कोणी कुणब्याचा दाणा आणाल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजी. जे कुणबी जीव धरून राहिले आहेत तेहि उठून जातील, आणि मोगल आले त्याहूनहि तुम्ही अधिक असें त्यांस वाटेल. पाहिजे तें बाजारांतून पैसे देऊन घ्यावें. आणखी पुढें: गवताच्या गंजीजवळ कोणी चिलीम ओढील, कोणी चूल पेटवील, कोणी दिवा तसाच ठेवील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, तर सारी छावणी जळेल, याची खबरदारी घ्यावी.

छत्रपति होऊं घातलेल्या पुरुषानें उंदराची व वातीची काळजी वाहावी, याचें नवल वाटून घेऊं नये. शिलेदारांच्या फौजेस असें पत्र लिहितांच आलें नसतें. त्यांचीं घोडीं मेलीं तर त्यांचीं मेलीं. येथें घोडीं सरकारचीं, गवत सरकारचें, आणि ज्याची भाजी लुटली जाणार तो कुणबीहि सरकारचाच. तिघांचा हिशेब एकाच कागदावर आला. राष्ट्रीय फौज म्हणतात ती आम्हांस या कागदावर दिसते.

तथापि येथेंच थांबलों तर तो पक्षपात होईल. महाराजांच्या मृत्यूसमयीं पागेचीं घोडीं ४५,००० व शिलेदारांचीं ६०,००० होतीं, असा आंकडा सभासद देतो. आंकडे ढोबळ धरले तरी प्रमाण महत्त्वाचें आहे: पागा वरचढ केली, पण शिलेदार संख्येनें अधिकच राहिले. वेरुळची पद्धत मोडली नव्हती, दाबून ठेविली होती. १६८९ त संभाजीमहाराजांचा वध झाला व रायगड पडला, तेव्हां तो दाब उठला. खजिना नाहीं, तेथें पागा कशी राहणार? पखालजीस व नालबंदास द्यावयास पैसाच नव्हता. अशा वेळीं ज्याच्या पदरीं स्वतःचीं घोडीं होतीं तोच उपयोगी पडला. १६९१ त राजाराममहाराजांनीं हणमंतराव व कृष्णाजी घोरपडे यांस सहा लक्ष होनांचा सरंजाम देऊं केला, तो टप्प्याटप्प्यानें: रायगड प्रांत घेतल्यावर इतका, विजापूर, भागानगर व औरंगाबाद घेतल्यावर इतका, आणि बाकीचा दिल्ली घेतल्यावर. ज्या मुलुखांत मालोजींनीं घोडीं जमविलीं, तोच मुलूख आतां दुसऱ्या शिलेदारांस बक्षीस म्हणून दाखविला गेला. रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं जी सावधगिरी सांगितली, ती लिहितांना हा सगळा अनुभव त्यांच्या गांठीं होता.

कित्येक लेखक या सरंजामांस मराठी राज्याच्या नाशाचें मूळ म्हणतात. आम्ही त्यांच्याशीं अर्धेच सहमत आहों. १७०७ त औरंगजेब अहमदनगरास मेला व त्यास खुलदाबादेस, वेरुळच्या घाटमाथ्यावर, मूठमाती मिळाली. त्याला तेथवर पोंचविणारी फौज पागेची नव्हती, शिलेदारांचीच होती. पागा जगली असती तर बरें झालें असतें, हें खरें. परंतु शिलेदार नसते तर बरें-वाईट ठरविण्यास राज्यच उरलें नसतें.

पुढील शतकाबद्दल एवढेंच सांगूं कीं, हुजुरातीची पागा सरदारांच्या फौजांपुढें दुबळी पडत गेली, आणि महादजी शिंद्यांनीं डी बॉयनकडून कवाइती पलटणें उभारलीं तेव्हां सरकारी हत्यार व रोख पगार हें तत्त्व निराळ्या रूपानें परत आलें. त्या पलटणींची परीक्षा वेरुळच्या ईशान्येस भोकरदनाजवळ असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं झाली. अंमलदार परके होते, त्यांपैकीं कित्येक इंग्रजांच्या जाहीरनाम्यावर चाकरी सोडून गेले. शिपायांतहि हिंदुस्थानी लोक पुष्कळ होते. परंतु गोलंदाज तोफा सोडून हलले नाहींत. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढें गेल्यावर पडलेल्यांतले कांहीं उठले व त्यांनीं त्याच तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. वेल्सलीचे त्या दिवशीं मेलेले व जखमी मिळून दीड हजारांवर लोक गेले.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. दप्तरें चाळतांना सनदा व तहनामे आपण जपून ठेवतों, आणि पागेच्या हजिरीचे तक्ते, घोड्यांच्या डागाच्या यादी, स्वारांचे चेहरेपट, दाण्या-वैरणीचे झाडे हे किरकोळ समजून बाजूस टाकतों. ज्यांच्या संग्रहांत असे रुमाल असतील, त्यांनीं ते वाळवीच्या हवालीं न करितां निदान त्यांच्या नकला उतरून घ्याव्या. विशेषतः ज्या यादींत घोड्याच्या रंगापुढें ‘सरकार’ किंवा ‘खुद्द’ असा शेरा असेल, तो शेरा वगळूं नये.