नीरेच्या कालव्याकाठचे मनगट आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील श्रमाचे स्वरूप १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागल्यावर पालटले. जिरायती ज्वारीच्या जोडीला ऊस आला, उसामागून चरक आणि गुऱ्हाळे आली, १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले आणि पुढे माळेगाव, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. कोयता चालवणाऱ्या आणि मोळी उचलणाऱ्या या मुलखात मनगट दुखावणे म्हणजे रोजगार बुडणे होते.

हाडवैद्य बोटांनी चाचपून हाड बसवत आणि बांबूच्या कामट्या बांधत. तळहातावर पडल्याने मनगटालगत होणाऱ्या अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशीहून अधिक वर्षे आधी, अशाच चाचपणीवरून केले होते. तेव्हा स्पर्शाच्या विद्येला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. मात्र मनगटात आठ लहान हाडे आणि त्यांना जखडणारे चिवट पट्टे, म्हणजे अस्थिबंध, दाटीने बसलेले असतात. हाड जुळले तरी फाटलेला अस्थिबंध ना बोटांना लागतो, ना क्ष-किरण चित्रात उमटतो, आणि हातात जोर राहत नाही.

असा अस्थिबंध डोळ्यांनी पाहण्याची वाट सांध्यात दुर्बीण घालण्याच्या पद्धतीने दिली. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासण्याच्या नळीतून मृतदेहाच्या गुडघ्याचे अंतरंग पाहिले, मासाकी वातानाबे यांनी १९७०च्या सुमारास दोन मिलिमीटरहून बारीक दुर्बीण घडवली, आणि १९८०च्या दशकात टेरी व्हिपल प्रभृती शल्यविशारदांनी मनगटासाठी तिची पद्धत बसवली. या पद्धतीत बोटे जाळीदार पकडीत अडकवून हात उभा टांगतात, चार-पाच किलोंचा ताण देऊन सांधा किंचित उघडतात, मनगटाच्या पाठीवरील हाडाचा उंचवटा अंगठ्याने शोधून त्याच्या सेंटिमीटरभर पुढे केवळ कातडीला छेद देतात आणि आतली वाट बोथट चिमट्याने करतात, जेणेकरून बोटे सरळ करणाऱ्या स्नायुरज्जूंना इजा होऊ नये. दुर्बिणीचे दारही आधी स्पर्शानेच सापडते, हे विशेष.

महाराष्ट्रात तेहमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि लवकर कामावर परतवणारी ही शस्त्रक्रिया गरिबांसाठीच अधिक मोलाची आहे, असा आग्रह धरला. हातावर पोट असणाऱ्यांच्या मनगटाला तो तितकाच लागू पडतो. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झाल्याने उपचारांपर्यंतचे अंतर घटले, पण निदानाची वेळही अंतराइतकीच निर्णायक आहे. फाटलेल्या अस्थिबंधाची टोके काही आठवड्यांतच आकसू लागतात, आणि गळीत हंगाम संपेपर्यंत दुखणे अंगावर काढणाऱ्या मजुराच्या मनगटात ती सरळ सांधणे फार अवघड होऊन बसते.