फिरत्या चुलीचे धुराडे



आपल्या स्मरणिकेत इतिहासावर एखादा लेख असावा अशी प्रथा आहे. देवगिरीचे यादव, मलिक अंबरची नहर, पैठणचे नाथमहाराज हे विषय आपल्या शहराला शोभणारे खरेच. मी मात्र यंदा शेगडीचा इतिहास लिहायला घेतला आहे. विषय ऐकून कुणाला हसू येईल. पण त्यामागे एक कारण आहे, आणि ते सांगताना मला माझी चूकही सांगावी लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आम्ही काही जणी म्हैसमाळला गेलो होतो. माझ्या मुलाने हौसेने आणलेली एक लहानशी पत्र्याची चूल बरोबर होती. तिच्यात काड्याकुड्या घातल्या तरी ज्वाळ लख्ख आणि धूर जवळजवळ नाहीच. पिठले झाले, भाकरी झाल्या, आणि पावसाची मोठी सर आली. चूल मी उचलून खोलीत नेली. आत फक्त निखारे होते, धुराचे नाव नव्हते. गारठा होता म्हणून दारही लावून घेतले. एकीने शंका काढली, तेव्हा आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, माझ्या बाळंतपणात सव्वा महिना खाटेखाली शेगडी होती. काय झालं मला?" सगळ्या हसल्या. अर्ध्या तासाने त्याच जाऊबाई डोके धरून बसल्या, दुसरीला मळमळू लागले. कुणीतरी दार उघडले, सगळ्यांना बाहेर आणले, म्हणून निभावले. त्या दिवसापासून, आपल्या आजीपणजींना जे बाधले नाही ते आपल्याला का बाधावे, हा प्रश्न माझी पाठ सोडीना. त्याचे उत्तर शेगडीच्या इतिहासातच सापडले.

आधी नावाचे पाहू. अमरकोशात शेगडीला 'अंगारशकटी' असा शब्द आहे, म्हणजे निखाऱ्यांची गाडी. त्यातल्या 'शकटी'चेच रूप बदलत आपली 'शेगडी' झाली. म्हणजे हलवता येणे हा गुण तिच्या नावातच आहे. तिचे आणखी एक नाव 'हसंती', म्हणजे हसणारी! निखारा फुलला की शेगडी हसते, हे ज्याला सुचले तो रसिकच म्हणायचा. पण याच परंपरेने धोकाही ओळखला होता. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरात नकळत जीवहिंसा घडते अशी पाच ठिकाणे सांगितली आहेत, त्यांत चुलीचे नाव पहिले आहे. तेथे विचार किड्यामुंग्यांचा होता. चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा विचार व्हायला फार काळ जावा लागला.

चूल घरात रोवलेली आणि शेगडी फिरती, अशी आपल्याकडची वाटणी. प्रवासात मात्र तीन दगड मांडले की चूल झाली. पैठणहून नाथांची पालखी पंढरीला निघते तेव्हा वाटेत असेच स्वयंपाक होत आले, आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींची चूल कोपीपुढे अशीच पेटत आली. जळण म्हणजे पऱ्हाटी, तुराट्या, बाभळीच्या काटक्या नाहीतर गोवऱ्या. या चुलीत जळणाची बरीचशी उष्णता वाऱ्यावर जाते; पण धूरही वाऱ्यावरच जातो, हा तिचा मोठा गुण.

घरातल्या चुलीचा धूर कुठे न्यायचा, हा प्रश्न विसाव्या शतकात ऐरणीवर आला. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चाले. तेथून 'मगन चूल' पुढे आली: मातीची, एकीपेक्षा जास्त भांडी ठेवता येणारी, आणि धूर धुराड्यातून छपराबाहेर सोडणारी. पुढे हैद्राबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी अशाच निर्धूर चुलीवर काम केले आणि १९५३ साली सामान्य कुटुंबांच्या धूरविरहित स्वयंपाकघरांविषयी इंग्रजीत पुस्तिका काढली. त्या वेळी आपले औरंगाबाद हैद्राबाद राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. म्हणजे हे संशोधन आपल्याच राज्याच्या राजधानीत झालेले.

स्त्रियांच्या नाकातोंडात किती धूर जातो, हे मोजायला मात्र आणखी तीस वर्षे गेली. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातमधल्या चार खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच यंत्र लावून मोजमाप केले आणि ते १९८३ साली प्रसिद्ध केले. त्याच सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ साली थांबेपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. पुष्कळ ठिकाणी धुराडे तुंबले, माती ढासळली आणि बायका जुन्या चुलीकडे वळल्या. पुढे गॅस आला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने तो गरीब घरांतही पोचवला. तरीही २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आता सहलीच्या त्या पत्र्याच्या चुलीकडे येऊ. तिची युक्ती १९८५ च्या सुमारास अमेरिकेत डॉ. थॉमस रीड यांनी मांडली. नॉर्वेच्या पाल वेंडेल्बो यांनाही ती स्वतंत्रपणे सुचली होती. डब्यात डबा बसवल्यासारख्या तिला दोन भिंती असतात. थोडी हवा तळाच्या छिद्रांतून लाकडाला मिळते. बाकीची दोन भिंतींमधून तापत वर चढते आणि काठाजवळच्या छिद्रांतून आत येते. धूर म्हणजे न जळलेले जळणच. त्याला वरच्या वर ही गरम हवा भेटली की तो पेट घेतो. म्हणून ज्वाळ लख्ख आणि धूर थोडा.

येथेच आमची फसगत झाली. लाकडाचा वायू जळून संपला की मागे कोळसा राहतो. त्याला ज्वाळ नाही, धूर नाही; पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघत राहतो. त्याला रंग नाही की वास नाही. डोळ्यांत पाणी आणून धूर आपल्याला निदान बाहेर तरी हाकलतो. हा वायू झोप आणतो. धूर थांबला म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि नेमका तोच क्षण घाताचा असतो. हसंती हसते ती अशी.

मग जाऊबाईंचे बाळंतपण निभावले कसे? ते घर माळवदाचे, धूर जायला वर झरोका ठेवलेले. दारांच्या फटीतून वारा खेळायचा. वाईट हवेला वाट होती. आजच्या स्लॅबच्या खोलीत, सरकत्या काचा लावल्या की मुंगीलाही वाट उरत नाही. बाळंतिणीची शेगडी त्या काळीही निर्धोक नव्हती; आज बंद खोलीत ती ठेवणे म्हणजे आईच्या आणि तान्ह्या जिवाच्या उशाशी विष ठेवणे होय. शेक हवा तर गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा.

म्हणून या साऱ्या इतिहासाचे सार मी एका वाक्यात सांगते: मगन चुलीपासून आपण धूर छपराबाहेर नेण्याची विद्या शिकलो, आणि फिरत्या चुलीला धुराडे नाही; आभाळ हेच तिचे धुराडे. ती खोलीत, तंबूत, गाडीत किंवा बंद व्हरांड्यात नेऊ नये. पाऊस आला तर भिजू द्यावी. चूल पुन्हा मिळते.

बाकीच्या गोष्टी आपण जाणतोच, तरी उजळणी करते. चूल सपाट, भक्कम जमिनीवर, भोवतीचे वाळके गवत तीन-चार हात काढून मांडावी. राखीव जंगलात विस्तव पेटवण्यास १९२७ च्या वन कायद्याने मनाई आहे, हे गौताळ्याकडे जाताना ध्यानात ठेवावे. ओढ्यातले भिजलेले दगड तापले की फुटू शकतात, ते चुलीला घेऊ नयेत. जळण वाळलेले असावे. कण्हेरीच्या काड्या किंवा रंग दिलेल्या फळ्या जाळू नयेत. पेटत्या चुलीत रॉकेल ओतण्याने किती संसार उद्ध्वस्त झाले, ते सांगायला नको. पदर खोचून, शक्यतो सुती लुगडे नेसून बसावे आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी. भाजलेच तर वीस मिनिटे वाहते गार पाणी, दुसरे काही लावू नये. विस्तवाजवळ डोके दुखले, मळमळले, ग्लानी आली, तर आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावे आणि १०८ ला फोन करावा. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतावे, राख हलवून पुन्हा ओतावे.

जाऊबाई आता ठणठणीत आहेत. यंदाच्या सहलीला त्यांनी स्वतः ती चूल काढून पुसून ठेवली आहे. मला मात्र त्यांनी बजावले आहे, "चूल तू पेटव, पण दाराशी मी बसणार." वयाने मोठ्या आहेत, ऐकलेच पाहिजे.