सोलीव बाबा

आमच्या कलाशाळेत पहिल्या वर्षाच्या वर्गात, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, प्लास्टरचा एक पुरुषभर उंचीचा पुतळा होता. अंगावर त्वचा नाही. उजवा हात पुढे पसरलेला, मान किंचित वळलेली आणि एकेक स्नायू दोरखंडासारखा उघडा. मुले त्याला ‘सोलीव बाबा’ म्हणत. खांद्यावरचा डेल्टॉइड दंडावर कुठे येऊन संपतो, पोटरी गुडघ्यामागे कशी दुभंगते, हे मी त्याच्यावरूनच शिकलो. महिनाभर रेखाटने केल्यावर एकदा सरांना विचारले, “सर, हा कोण?” सर म्हणाले, “कोण कसला? अ‍ॅनाटॉमी आहे ती.” तेव्हा मला ते उत्तर पुरले.

ते पुरेसे नव्हते, हे पुढे वाचताना लक्षात आले. आमचा पुतळा ही फ्रेंच शिल्पकार जाँ-आंत्वान ऊदाँ याच्या कृतीची नक्कल होती. १७६७ मध्ये, पंचविशीत असताना, ऊदाँने रोममध्ये सेंट जॉनच्या पुतळ्याची पूर्वतयारी म्हणून हा सोललेला माणूस घडवला. त्यासाठी तो शल्यविशारदाच्या हाताखाली शवविच्छेदन पाहत होता. पुतळा इतका गाजला की युरोपभरच्या कलाशाळांनी त्याच्या प्रती मागवल्या. ज्या शवांवरून ऊदाँ शिकला, ती कुणाची होती हे पुतळ्यावर कुठे लिहिलेले नाही.

चित्रकाराने मेलेल्या माणसाकडून शिकावे, ही रीत त्याहून कितीतरी जुनी. लिओनार्दोने फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा रुग्णालयात एका शंभरीतल्या म्हाताऱ्याशी गप्पा मारल्या आणि तो शांतपणे गेल्यावर त्याचेच विच्छेदन केले. ही हकिकत लिओनार्दोने स्वतः टिपून ठेवली आहे. त्या म्हाताऱ्याचेही नाव उरलेले नाही. पण निदान मरण्याआधी कुणीतरी त्याच्याशी बोलले होते.

लंडनला तेवढेही नाही. १७५२ पासून तिथे कायदाच होता, की खुनाबद्दल फाशी गेलेल्याला थेट मूठमाती मिळायची नाही. त्याचे शरीर शल्यविशारदांकडे जाईल किंवा साखळदंडात टांगले जाईल. विच्छेदन हा शिक्षेचाच भाग होता. १७६८ मध्ये रॉयल अकॅडमी स्थापन झाली आणि शरीररचनेचे पहिले प्राध्यापक म्हणून डॉ. विल्यम हंटर नेमले गेले. निष्णात डॉक्टर, उत्तम वक्ते. १७७६ च्या सुमारास फाशीवरून आलेले एक शव हंटरना इतके पिळदार वाटले, की ते नेहमीसारखे चिरून संपवणे त्यांच्या जिवावर आले. मग त्याची त्वचा काढून ‘मरणोन्मुख ग्लॅडिएटर’ म्हणून तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन शिल्पाच्या पवित्र्यात ते बसवले गेले आणि आगोस्तिनो कार्लिनी या शिल्पकाराने त्यावरून साचा घेतला. मेलेला माणूस तस्कर असल्याची बोलवा होती, म्हणून विद्यार्थ्यांनी पुतळ्याचे लॅटिन थाटाचे नाव ठेवले : ‘स्मगलेरियस’. आमच्या ‘सोलीव बाबा’सारखीच ती वर्गातली थट्टा, पण इथे थट्टेमागे एक ताजे प्रेत होते.

मूळ पुतळा हरवला. आज पाहायला मिळते ती विल्यम पिंकने १८३४ मध्ये केलेली नक्कल. हा माणूस कोण, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. एका मताप्रमाणे तो खुनाबद्दल फाशी गेलेल्या दोन तस्करांपैकी एक. दुसऱ्या मताप्रमाणे तस्कर नव्हेच, जेम्स लँगर नावाचा वाटमाऱ्या. मला या वादात एक गोष्ट बरी वाटते. दोनशे वर्षांहून अधिक काळ मुले ज्याच्या बरगड्या मोजत बसली, त्याला नाव शोधायला कुणीतरी कागद चाळले.

१८०१ च्या प्रकरणात नाव आहे. जेम्स लेग हा चेल्सीच्या सैनिकी आश्रमातला म्हातारा पेन्शनर. सोबत्याला गोळी घालून मारल्याबद्दल फाशी गेला. शिल्पकार थॉमस बँक्स आणि चित्रकार बेंजामिन वेस्ट व रिचर्ड कॉसवे यांचे म्हणणे असे, की क्रूसावरच्या येशूची चित्रे शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीची आहेत. ते पडताळायला त्यांना शरीर हवे होते. सर्जन जोसेफ कार्प्यू यांच्या मदतीने लेगचा देह ऊब असतानाच क्रूसावर ठोकण्यात आला, तो लोंबत स्थिरावल्यावर साचा घेतला गेला, मग त्वचा काढून दुसरा. तो सोललेला पुतळा अजून रॉयल अकॅडमीत आहे.

त्याचे छायाचित्र मी पुष्कळ वेळ पाहिले, तेही शिक्षकाच्या नजरेने. लटकणाऱ्या शरीराचा भार खांद्यांवर कसा येतो, हे त्यात खरोखर दिसते. स्मगलेरियसचे तसे नाही. ग्लॅडिएटर हातावर भार देऊन स्वतःला सावरतो आहे. प्रेत काहीच सावरत नाही, त्याला मागून आधार दिलेला असतो. स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो हे प्रेत सांगते. तो ताणला की शेजारचा कसा सैलावतो, हे सांगायला श्वास घेणारा माणूसच लागतो. म्हणून जिवंत मॉडेलचा वर्ग.

आणि त्या वर्गाचे दार अर्ध्या लोकांना बंद होते. अकॅडमीच्या संस्थापकांत अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर या दोन चित्रकर्ती होत्या. योहान झोफानीने १७७१-७२ मध्ये सदस्यांचे समूहचित्र केले (हाच झोफानी पुढे लखनौला येऊन नबाबाची कोंबड्यांची झुंज रंगवून गेला). प्रसंग नग्न मॉडेलच्या वर्गाचा, त्यामुळे हंटरसह सगळे पुरुष खोलीत, आणि या दोघी भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत. अकॅडमीच्या शाळेत पहिली विद्यार्थिनी, लॉरा हरफर्ड, १८६० मध्ये आली, तीही अर्जावर फक्त आद्याक्षरे घातली म्हणून. मुलींना मॉडेल मिळाले १८९३ मध्ये, आणि तेही कटिवस्त्र नेसलेले.

हीच शिस्त बोटीने मुंबईला आली. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी आधी प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून शिकत. जिवंत मॉडेलचा वर्ग पक्का रुजला तो १९१९ नंतर, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात. तोवर बंगालमधून हरकत आलेली होती. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१४ मध्ये भारतीय शरीररचनेवर एक छोटी पुस्तिकाच काढली. तिच्यात खांदा हत्तीच्या मस्तकासारखा, मांडी केळीच्या खांबासारखी, डोळा माशासारखा. एकही प्रेत न चिरता सांगितलेली शरीररचना! मला ती पुस्तिका फार आवडते, आणि तरीही वर्गात पहिल्या वर्षी मी ती वापरत नाही. हात वर गेला की खांद्याचे फरे पाठीवर कसे सरकते, हे केळीच्या खांबावरून कळत नाही.

इंग्लंडमध्ये १८३२ मध्ये कायदा बदलला. फाशी गेलेल्यांऐवजी गरीबखान्यात मेलेल्या, कुणी दावा न केलेल्या लोकांची शरीरे विच्छेदनाला मिळू लागली. म्हणजे गुन्ह्याची जागा गरिबीने घेतली. आपल्याकडचा १९४९ चा मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमही मुळात बेवारस मृतदेहांविषयीच होता.

वर्गात मुलांपुढे हे सांगतो तेव्हा एक जण हमखास विचारतो, “मग सर, सांगाडा कुठला?” परदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि कलाशाळांत लोखंडी सळईला टांगलेले जे जुने खरे सांगाडे आहेत, त्यांतले पुष्कळसे कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी खोक्यांत भरून पाठवलेले आहेत. भारत सरकारने मानवी अस्थींची निर्यात बंद केली ती १९८५ मध्ये. त्याआधी कैक वर्षे तिकडची मुले बरगड्या मोजत होती त्या आपल्याकडच्या माणसांच्या.