तीन बाणांपुढचा कापूस

इंटरप्रीटर म्हणजे दुभाष्या. आपण एक ओळ लिहावी, त्याने ती संगणकाला समजावून लगेच उत्तर द्यावे. १९९१ साली गिडो व्हान रॉसम या डच माणसाने पायथॉन ही भाषा जगापुढे आणली, तेव्हा राशींना नावे रोमन लिपीतच द्यावी लागत. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आली आणि देवनागरीलाही दार उघडले. परभणीच्या मुलांना मी तीन बाणांपुढे आधी ‘कापूस’ आणि ‘भाव’ लिहायला लावतो. समजा, कापूस १२ क्विंटल, भाव ७,००० रुपये. गुणाकार मागताच ८४,००० हजर! चुकले तर दुभाष्या चूक दाखवतो, छडी उगारत नाही. आज्ञा आणि आकडे अजून इंग्रजीतच लिहावे लागतात, हे खरे. पण शिवारातला शब्द यंत्राला चालतो हे दिसले, की इंग्रजीच्या धाकाने मागे बसलेले पोर पुढे सरकते.